जर्मन चिद्वाद वाचायला घेताना: कुठलं पुस्तक, कुठली पानं, किती वेळ

हेगेलचं ‘फेनॉमेनॉलॉजी ऑफ स्पिरिट’ विकत आणायचं, प्रस्तावना उघडायची, चौथ्या पानाला गरगरायला लागायचं आणि पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर जायचं. जर्मन चिद्वादाशी (इंग्रजीत ‘जर्मन आयडियालिझम’, कांटपासून हेगेलपर्यंतचा जर्मन तत्त्वज्ञानाचा प्रवाह) अनेकांची ओळख इथवरच असते. यात बुद्धी कमी पडलेली नसते, दार चुकलेलं असतं. ती प्रस्तावना हेगेलने सगळ्यात शेवटी, पुस्तक लिहून झाल्यावर लिहिली. पुस्तक ज्याच्या पचनी पडलंय त्याच्याशी ती बोलते, नवख्याशी नाही.

कांट, फिश्टे, शेलिंग, हेगेल. १७८१ साली कांटचं ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ आलं आणि १८३१ साली हेगेल वारला. सगळा मामला ५० वर्षांतला. हे चौघं आधीच्याचं उत्तर वाचत होते, त्यातली फट शोधत होते आणि ती बुजवायला स्वतःचं पुस्तक लिहीत होते. त्यामुळे इथे पुस्तकांच्या यादीपेक्षा भांडणाचा क्रम महत्त्वाचा. कुठल्याही पानावर अडलात तर आधी विचारायचं: हे बोलणं कुणाला उद्देशून चाललंय, आणि कशावरून?

आठवड्याला ४ बैठका, प्रत्येकी ४५ मिनिटं, असं धरलं तर खालचा क्रम सुमारे २६ आठवड्यांत होतो: तयारीला २, कांटच्या छोट्या पुस्तकाला ५, मोठ्या पुस्तकातल्या निवडक पानांना ९, कांट आणि हेगेल यांच्या मधल्या मंडळींना ३, हेगेलला ७. वेळ कमी असेल तर पानं कमी करा, वेग वाढवू नका. दोन तास सलग बसून २० पानं ‘काढली’ तर दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीच हाताशी राहत नाही.

शब्दांची साफसफाई आधी

मराठी वाचकाला एक फायदा आहे आणि एक धोका. फायदा असा की ज्ञान, प्रतीती, सत्ता, अनुभव हे शब्द आपल्या रोजच्या कानावरचे आहेत. धोका तोच. शब्द ओळखीचे म्हणून त्यांच्याबरोबर वेदान्ताचा अर्थ न बोलावता आत येतो.

‘चिद्वाद’ म्हटलं की ‘सगळं मनातच आहे, बाहेर काही नाही’ असं वाटतं. कांटच्या पुस्तकावर जानेवारी १७८२ मध्ये ग्योटिंगेनच्या नियतकालिकात पहिलं परीक्षण आलं, त्यातही त्याला, वस्तू म्हणजे मनातल्या कल्पनाच असं म्हणणाऱ्या बर्कलीच्या पंक्तीला बसवलं होतं. कांट भयंकर चिडला. पुढच्या वर्षीच्या छोट्या पुस्तकाला त्याने परिशिष्ट जोडलं ते त्या परीक्षणाचा समाचार घ्यायलाच. म्हणजे ही चूक तुमच्याही हातून होणार, हे धरून चाला. (‘आदर्शवाद’ हा शब्द मात्र इथे नकोच. तो आदर्शांबद्दल बोलतो, ज्ञानाबद्दल नाही.)

चार शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्रतीती. आपल्याला वस्तू जशी दिसते, अनुभवाला येते, ती प्रतीती. तिला ‘आभास’ म्हणू नका. दोरीच्या जागी साप दिसणं हा आभास. दोरी दोरीच दिसणं ही प्रतीती. कांट हा भेद ‘क्रिटिक’च्या दुसऱ्या आवृत्तीत ठासून करतो (बी ६९–७०; ‘बी’ म्हणजे दुसरी आवृत्ती). ‘कांट जगाला माया म्हणतो’ हे वाक्य कुठेही वाचलंत तर लिहिणाऱ्याने हे पान वाचलेलं नाही असं समजा.

वस्तुतत्त्व. वस्तू आपल्या अनुभवाला येते तशी न घेता स्वतःच्या ठायी जशी असेल तशी. हा मराठी शब्द अनेकांना टिळकांच्या ‘गीतारहस्या’मुळे (१९१५) ठाऊक असतो. तिथे नामरूपांपलीकडच्या तत्त्वाच्या चर्चेत कांट येतो. तुलना म्हणून ती वाचायला हरकत नाही, पण अर्थ तिथून उचलू नका. अद्वैतात ते तत्त्व आत्मरूप आहे आणि त्याचा साक्षात्कार होतो. कांटच्या लेखी वस्तुतत्त्वाचं ज्ञान माणसाला होत नाही, साक्षात्काराने तर नाहीच.

अनुभवपूर्व. यातला ‘पूर्व’ काळाचा नाही. ‘जन्मतः डोक्यात असलेलं’ असा याचा अर्थ होत नाही. कांट ‘क्रिटिक’च्या प्रास्ताविकाच्या पहिल्याच पानावर सांगतो की सगळं ज्ञान अनुभवाबरोबर सुरू होतं, पण म्हणून ते सगळं अनुभवातून निघतं असं नाही. ज्याचा खरेपणा अनुभवावर अवलंबून नाही, ते अनुभवपूर्व.

इंट्यूशन. इंग्रजी अनुवादात हा शब्द पानोपानी भेटेल. आतून आलेली हाक, सहाव्या इंद्रियाचा कौल, असलं काही नाही. मूळ जर्मन शब्द ‘आनशाउउंग’, म्हणजे पाहणं. समोरची एकेक वस्तू थेट मिळणं. मराठीत मनातल्या मनात ‘प्रत्यक्ष’ म्हणत वाचा, निम्मी वाक्यं सुटतात.

तयारी: २ आठवडे

देकार्तची पहिली दोन चिंतनं (१६४१) दोन बैठकांत वाचून टाका. मग ह्यूमच्या १७४८ च्या ‘एन्क्वायरी’तली दुसरी, चौथी, पाचवी आणि सातवी प्रकरणं. इथे घाई नको, कारण कांटचं भांडण ह्यूमशी आहे. ह्यूम विचारतो: काल भाकरीने पोट भरलं, परवा भरलं, म्हणून उद्याही भरेल, हे तुम्ही कशावरून म्हणता? अनुभवावरून म्हणाल तर ‘पुढचं मागच्यासारखंच असेल’ हे आधीच धरून चाललात, आणि तेच तर सिद्ध करायचं होतं. तर्काने म्हणाल तर उद्या भाकरीने पोट न भरण्यात कसली विसंगती? उरली सवय. हा पेच तुम्हाला दोन दिवस छळला नाही तर कांट वाचताना ‘हा माणूस एवढा खटाटोप कशासाठी करतोय’ असं वाटत राहील. छळला नसेल तर चौथं प्रकरण पुन्हा वाचा.

कांटचं छोटं पुस्तक: ५ आठवडे

‘प्रोलेगोमेना’ (१७८३). मोठं पुस्तक कुणाला कळेना, तेव्हा कांटनेच ही छोटी वाट काढून दिली. आजच्या छपाईत सव्वाशेच्या आसपास पानं, ६० कलमं. मोठ्या पुस्तकात तो पायापासून चिरा चिरा रचत वर जातो. इथे उलट: गणित आहे, भौतिकशास्त्र आहे, ती चालतात हे आपल्याला दिसतंय, तर ती शक्य व्हायला काय काय असावं लागेल, असा मागे मागे जातो. नवख्याला ही दिशा सोपी पडते.

पहिल्या आठवड्यात कलम १ ते ५. विश्लेषक आणि संश्लेषक विधानांतला भेद (पहिलं शब्दाच्या अर्थात असलेलंच उलगडतं, दुसरं नवी भर घालतं) नीट बसल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसऱ्यात ६ ते १३, अवकाश आणि काल. तिसरा आणि चौथा १४ ते ३९ साठी, आणि पुस्तक अडतं ते इथेच. पाचव्यात ४० ते ६०. त्यातली मधली कलमं भरभर वाचली तरी चालतील, ५७ ते ६० मात्र नीट.

कलम १८ ते २० वर बहुतेकांची गाडी थांबते. तिथे कांट इंद्रियांनी टिपलेलं विधान आणि अनुभवाचं विधान असा भेद करतो आणि तळटीपेत उदाहरण देतो दगडाचं. हे उदाहरण इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त स्वच्छ दिसतं. दोन वाक्यं घ्या:

ऊन पडलं की दगड तापतो.
ऊन दगड तापवतं.

पहिल्या वाक्यात एकामागून एक दोन गोष्टी पाहिल्याची नोंद आहे. आधी ऊन, मग ऊब. हजार वेळा पाहिलं तरी ती नोंदच राहते, आणि ह्यूम म्हणतो तुमच्या हाती एवढंच आहे. दुसऱ्या वाक्यात ‘तापतो’चं ‘तापवतं’ झालं. एक ‘व’ वाढला. त्या ‘व’ने काय आणलं? ऊन कारण आहे, दगड तापणं हे कार्य आहे, आणि हे मी पाहो वा न पाहो, कुणाच्याही बाबतीत खरं आहे. हा ‘व’ डोळ्यांना दिसला का? नाही. त्वचेला लागला का? नाही. मग तो आला कुठून? कांटचं उत्तर: तो आकलनशक्तीने घातला. कारण ही तिची संकल्पना आहे. अशा एकूण १२, चार गटांत तीन-तीन. आणि त्या घातल्याशिवाय नुसत्या संवेदनांचा ‘अनुभव’ होतच नाही.

वाचकाची चूक होते ती यानंतर. ‘म्हणजे कारण आपण मनाने कल्पितो, ऊन दगड खरोखर तापवत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. तो ह्यूमचा, कांटचा नव्हे. कांट म्हणतो, ज्याला आपण खरंखुरं जग म्हणतो त्याचा खरेपणाच या संकल्पनांनी उभा राहतो. दुसऱ्या वाक्याची सर्वांवर सक्ती आहे, पहिल्याची नाही. एवढं वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं की पुस्तकाचा कणा हाती आला.

वही कशी ठेवायची

डाव्या पानावर परिच्छेदाचा क्रमांक आणि त्याचा एका वाक्यात गोषवारा. उजव्या पानावर शंका आणि उलट प्रश्न. गोषवारा मराठीतच लिहायचा, मूळ वाचन इंग्रजीतून असलं तरी. इंग्रजीत लिहिला की मूळ वाक्यातलेच शब्द उलटसुलट होऊन वहीत उतरतात आणि समजल्याचं समाधान फुकट मिळतं. मराठीत लिहिताना कर्ता कोण ते ठरवावं लागतं, क्रियापद शोधावं लागतं. तिथे पेन थांबलं की आपल्याला कळलेलं नाही हे लगेच कळतं. थांबलेल्या जागी फुली मारा आणि पुढे जा. तीन पानांनंतरही फुली सुटली नाही तरच मागे या.

कांटची वाक्यं लांबलचक असतात. पेन्सिलीने मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद अधोरेखित करा, मधली पोटवाक्यं कंसात टाका, आधी उरलेला सांगाडा वाचा. अडचण बहुधा सर्वनामाची असते. जर्मनला मराठीसारखी तीन लिंगं आहेत, त्यामुळे मुळात ‘तो’ कोण आणि ‘ती’ कोण हे बरंचसं उलगडतं. इंग्रजीत सगळ्यांचं एकच ‘इट’ होतं. अशा वेळी दुसरा अनुवाद उघडून तेवढंच वाक्य ताडून पाहणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

मोठं पुस्तक: ९ आठवडे, सुमारे २४० पानं

‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’च्या दोन आवृत्त्या आहेत. १७८१ च्या आवृत्तीला ‘ए’ म्हणतात, १७८७ च्या आवृत्तीला ‘बी’. चांगल्या अनुवादात समासात दोन्हींचे पानक्रमांक असतात आणि जगभर उल्लेख त्यांनीच होतो. विकत घेण्याआधी समास पाहा. हे क्रमांक नसतील तर पुस्तक ठेवून द्या, कारण कुठल्याही चर्चेतलं पान तुम्हाला त्यात सापडणार नाही. इंग्रजीत केम्प स्मिथचा (१९२९), प्लुहारचा (१९९६) आणि गायर व वुड यांचा (१९९८) अनुवाद प्रचारात आहे. आज अभ्यासक बहुधा शेवटचा वापरतात. केम्प स्मिथची भाषा वाहती आहे. प्लुहारच्या अनुवादात इतरांचं ‘रिप्रेझेंटेशन’ हे ‘प्रेझेंटेशन’ होतं, तेवढं लक्षात ठेवा. आंतरजालावर फुकट मिळणारा माइकलजॉनचा अनुवाद १८५५ चा आहे. चाळायला ठीक, अभ्यासाला नको.

दुसरी आवृत्ती ८८४ पानांची. पहिल्या फेरीत पुढची एवढीच वाचा. दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना (बी ७ ते ४४, हे क्रमांक रोमन आकड्यांत असतात) आणि प्रास्ताविक (बी १–३०). मग अवकाश-काल (ए १९–४९/बी ३३–७३). मग दुसऱ्या आवृत्तीतलं ‘डिडक्शन’, म्हणजे आकलनशक्तीच्या संकल्पना अनुभवाला लागू पडतात याचं समर्थन (बी १२९–१६९), दुसरं ‘अ‍ॅनालॉजी’ (ए १८९–२११/बी २३२–२५६), चिद्वादाचं खंडन (बी २७४–२७९), प्रतीती आणि वस्तुतत्त्व यांवरचं प्रकरण (ए २३५–२६०/बी २९४–३१५). शेवटी तिसरा विप्रतिषेध, म्हणजे स्वातंत्र्य विरुद्ध कार्यकारणभाव (ए ४४४–४५१/बी ४७२–४७९), आणि त्याची सोडवणूक (ए ५३२–५५८/बी ५६०–५८६). ही सोडवणूक वाचल्याशिवाय कांट सोडू नका, पुढचे तिघेही स्वातंत्र्यासाठीच झगडणार आहेत.

९ पैकी ३ आठवडे डिडक्शनला द्या. आपल्याला सगळ्यात जास्त कष्ट याच भागाने पडले असं कांटच म्हणतो, आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी त्याने तो मुळापासून पुन्हा लिहिला. सगळं एका वाक्याभोवती फिरतं (बी १३१–१३२): ‘मी विचार करतो’ हे माझ्या सगळ्या प्रतिमानांबरोबर (इंग्रजीत ‘रिप्रेझेंटेशन’, मनात येणारं जे जे ते) येऊ शकलंच पाहिजे. यातले ‘येऊ शकलंच पाहिजे’ हे तीन शब्द एकेक करून वाचा. ‘येतं’ असं तो म्हणत नाही. आपण दिवसभर ‘मी पाहतोय, मी ऐकतोय’ असं घोकत नसतो. पण ऐकलेलं माझं म्हणून ओळखता येण्याची शक्यता नसेल तर ते माझ्या लेखी नाहीच.

कुकरच्या शिट्ट्यांवर करून पाहा. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा आहे. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. ‘तीन’ हा आवाज कुणीच ऐकलेला नाही. प्रत्येक वेळी ऐकू आली ती एकच शिट्टी. तीन व्हायला पहिली धरून ठेवावी लागते, दुसरी तिला जोडावी लागते, आणि या तिन्ही ऐकणारा एकच असावा लागतो. पहिली आईने ऐकली, दुसरी तुम्ही, तिसरी शेजाऱ्यांनी, आणि कुणी कुणाशी बोललं नाही, तर घरात तीन शिट्ट्या झाल्याचं ज्ञान कुणालाच नाही. जोडण्याला कांट संश्लेषण म्हणतो, ‘ऐकणारा एकच’ याला आत्मबोधाची एकता. आता डिडक्शनची कलमं १५, १६, १७ वाचा, तिन्ही तीनदा. आणि लक्षात घ्या, हा ‘एकच’ म्हणजे आत्मा नावाची वस्तू नव्हे. कांटने तिथे आत्मा सिद्ध केला असं लिहिणारे पुष्कळ आहेत. त्याच पुस्तकात पुढे तो नेमकी हीच उडी चुकीची ठरवतो.

वाटेत १२ संकल्पनांचा तक्ता लागेल. पाठ करू नका. कारण आणि द्रव्य या दोन नीट कळल्या तरी पहिली फेरी पार पडते.

फट, फिश्टे आणि शेलिंग: ३ आठवडे

१७८७ साली याकोबी या कांटच्या समकालीन जर्मन विचारवंताने बोट ठेवलं. संवेदना वस्तुतत्त्वांमुळे होतात असं कांटला धरावं लागतं. पण ‘मुळे’ ही कारणाची संकल्पना फक्त अनुभवातल्या वस्तूंना लागू पडते असंही कांटच सांगतो. याकोबीचा शेरा प्रसिद्ध आहे, त्याचा आशय असा: हे गृहीत धरल्याशिवाय कांटच्या घरात शिरता येत नाही आणि धरलं तर तिथे राहता येत नाही. कांटचं यावर काय उत्तर असेल, ते वहीत एक पानभर लिहून काढा. पुढचं सगळं याच फटीतून निघालं आहे.

फिश्टेचं १७९४–९५ चं मुख्य पुस्तक हातात घेऊ नका. ते येना विद्यापीठातल्या त्याच्या विद्यार्थ्यांसाठी छापलेलं होतं, शेजारी व्याख्यान नसेल तर ते कोरडं समीकरण वाटतं. १७९७ ची ‘पहिली प्रस्तावना’ घ्या, ब्रेझील यांच्या अनुवादात ती मिळते. जेमतेम २० पानं, भाषा थेट. अनुभवाचं मूळ वस्तूत शोधायचं की ‘मी’त, हे दोनच मार्ग, आणि माणूस कुठला निवडतो हे तो माणूस कसा आहे त्यावर ठरतं, हे त्याचं गाजलेलं म्हणणं याच लेखातलं. वर्गात तो विद्यार्थ्यांना सांगायचा, भिंतीचा विचार करा. मग म्हणायचा, आता भिंतीचा विचार करणाऱ्याचा विचार करा. स्टेफेन्स नावाच्या त्याच्या श्रोत्याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. दुसऱ्या सूचनेनंतर मुलं गोंधळून जागच्या जागी चुळबुळ करायची. तुम्हीही तेच करून पाहा आणि विचारा: विचार करणारा ‘मी’ आधी होता आणि मग मला सापडला, की स्वतःकडे वळण्याच्या क्रियेतच तो ‘मी’ झाला? फिश्टेचं उत्तर दुसरं. हा ‘मी’ म्हणजे आधारकार्डावरचा माणूस नाही. तसं वाचलंत तर ‘हिमालय मी निर्माण केला’ असली हास्यास्पद वाक्यं त्याच्या तोंडी घालाल.

शेलिंगला एक आठवडा पुरे. १८०० सालच्या ‘सिस्टिम ऑफ ट्रान्सेन्डेन्टल आयडियालिझम’चं प्रास्ताविक वाचा आणि थांबा. ते लिहिलं तेव्हा तो २५ वर्षांचा होता आणि पुढे त्याने मत अनेकदा बदललं, त्यामुळे ‘शेलिंग म्हणतो’ असं सालाशिवाय म्हणण्यात अर्थ नाही. स्वातंत्र्यावरचा त्याचा १८०९ चा निबंध अप्रतिम आहे, पण हेगेलनंतर.

हेगेल: ७ आठवडे

‘फेनॉमेनॉलॉजी’चा अनुवाद मिलरचा (१९७७) किंवा पिंकार्डचा (२०१८). दोन्हींत परिच्छेदांना क्रमांक आहेत आणि उल्लेख त्यांनीच करतात. मिलरचं ‘नोशन’ म्हणजे पिंकार्डचं ‘कन्सेप्ट’, मुळात शब्द एकच. जुन्या अनुवादाच्या शीर्षकात ‘माइंड’ दिसेल, नव्यांत ‘स्पिरिट’. पुस्तक तेच. त्या मूळ ‘गाइस्ट’ला मराठीत ‘आत्मा’ म्हणू नका, ‘चैतन्य’ त्यातल्या त्यात बरं. त्यात भाषा, कायदा, रीतीभाती, सगळं सामायिक जगणं येतं.

प्रस्तावना (१–७२) ओलांडा. ‘इंट्रोडक्शन’ (७३–८९) पासून सुरू करा, दर बैठकीला एकदोन परिच्छेद, २ आठवडे. इथेही तोच प्रश्न विचारा, कुणाशी भांडण? परिच्छेद ७३ मधली ‘ज्ञान हे हत्यार आहे, वापरण्याआधी ते तपासून घ्यावं’ ही कल्पना कांटच्या घरची. हेगेल म्हणतो, तपासणं हेही जाणणंच आहे की. मग चुकण्याची ही भीती हीच मुळात चूक असली तर?

पुढचे २ आठवडे ‘इंद्रियनिश्चिती’ (९०–११०). याहून चांगलं प्रवेशद्वार हेगेलमध्ये नाही, कारण प्रयोग हातात कागद घेऊन करता येतो. सगळ्यात भरवशाचं ज्ञान कुठलं? समोरचं, आत्ताचं, हे. ठीक. मग लिहा: ‘आता रात्र आहे.’ खरं ते लिहिल्याने बिघडत नाही. सकाळी उठून वाचा. वाक्य खोटं झालं, पण ‘आता’ शिल्लक आहे, ते दिवसालाही चालतं. ‘हे’, ‘इथे’, ‘मी’ यांचंही तसंच. दाखवायचा होता एकमेव असा क्षण, हाती लागला तो कुठल्याही क्षणाला लागणारा शब्द. सर्वात ठोस म्हणवणारं ज्ञान बोलायला लागताच सर्वात पोकळ निघालं. लक्ष द्या: हेगेलने बाहेरून आक्षेप घेतला नाही. त्या ज्ञानाने स्वतःला लावलेली कसोटी त्यालाच लावली. ही पद्धत इथे पकडली की पुढच्या ७०० परिच्छेदांत तीच ओळखू येते.

इथे ‘वाद–प्रतिवाद–संवाद’ हा साचा बाजूला ठेवा. मराठीत हेगेल बराचसा मार्क्सच्या मार्गाने, विरोधविकासाच्या चर्चेतून आला आणि हा साचा त्याबरोबर चिकटला. ती तिकडी फिश्टेच्या परिभाषेतली. हेगेलच्या नावावर ती पुढे खालिबेउस वगैरे लेखकांमुळे रूढ झाली. प्रत्येक पानावर तीन खोके शोधत बसलात तर खरी हालचाल निसटते. त्याऐवजी हेगेलच्याच ‘एन्सायक्लोपीडिया’च्या तर्कशास्त्रातली कलमं ७९ ते ८२ वाचा, मोजून काही पानं, तिथे हेगेल स्वतः विचाराची तीन अंगं समजावतो. त्यात ‘परिशिष्टं’ म्हणून छापलेला मजकूर विद्यार्थ्यांच्या टिपणांतला आहे. समजायला सोपा, पण हेगेलचं अंतिम मत म्हणून उद्धृत करताना जपून.

‘आउफहेबेन’ या शब्दाशी गाठ पडणारच. इंग्रजीत त्याचं ‘सब्लेट’ करतात, म्हणजे अडचण दुप्पट. मराठीत दोन रोजची क्रियापदं शेजारी ठेवा. बंदी उठवली: जे होतं ते रद्द झालं. जेवणं झाली, भांडी उचलून ठेवली: ती पानापासून हलली, वर उचलली गेली, आणि मोडीत न निघता जपून राहिली. ‘उठवणं’ आणि ‘उचलून ठेवणं’ एका शब्दात कोंबा, जवळजवळ पोहोचलात. या शब्दाला दोन उलटे अर्थ आहेत हे हेगेललाही ठाऊक होतं, आणि अशा शब्दांबद्दल जर्मन भाषेचं त्याला कौतुक होतं.

उरलेल्यांपैकी २ आठवडे ‘धनी आणि चाकर’ (१७८–१९६). पॅरिसमध्ये १९३३ ते १९३९ या काळात कोजेव या तत्त्वज्ञाने दिलेल्या व्याख्यानांमुळे हा भाग इतका गाजला की पुष्कळांना हेगेल म्हणजे एवढंच वाटतं. म्हणून आधी कोजेव नको, आधी १९ परिच्छेद. प्रश्न मान्यतेचा आहे. ज्याला मी माझ्या बरोबरीचा मानत नाही त्याच्याकडून मिळालेली मान्यता माझ्या काय कामाची? धनी जिंकून तिथेच अडकतो. चाकर राबतो, वस्तूला आकार देतो, आणि स्वतःला त्या वस्तूत ओळखू लागतो (१९५–१९६). १७८ ते १८४ फार अमूर्त आहेत, त्यांत दम संपवू नका. १८५ पासून पुढे जा आणि मग मागे या.

एकट्याने हेगेल वाचणं टाळता आलं तर टाळा. तीन ते पाच जणांचा गट, आठवड्याला ९० मिनिटं, एकाने परिच्छेद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पुस्तक मिटून मराठीत सांगायचा. सातपेक्षा जास्त लोक झाले की पुस्तक बाजूला पडतं आणि गप्पा सुरू होतात. आधाराला मराठी विश्वकोशातल्या कांट, हेगेल या नोंदी आणि ‘स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसफी’ या दोन्ही फुकट आहेत. पण नोंद आधी आणि मूळ नंतर असं केलंत की मूळ वाचताना डोळे फक्त नोंदीतली वाक्यं शोधतात. क्रम उलटा ठेवा.

शेवटचा आठवडा प्रस्तावनेचा. वरच्या फळीवरून तीच ७२ परिच्छेदांची प्रस्तावना काढा. परिच्छेद १६ मधली ‘ज्या रात्री सगळ्या गायी काळ्या’ ही कोपरखळी कुणाला लागली असेल ते आता कळेल. ट्यूबिंगेनच्या धर्मशिक्षणसंस्थेत हेगेलबरोबर शिकलेल्या शेलिंगला ती झोंबली आणि मैत्री त्यानंतर पूर्वीची राहिली नाही. आणि अगदी पहिला परिच्छेद नीट वाचा. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणं अनावश्यक तर आहेच, शिवाय गैरलागू आहे, असं तिथे हेगेल म्हणतो, आणि मग पुढचे ७१ परिच्छेद लिहितो.